जी१ वापरताना : पहिल्या अँड्रॉइड फोनचा माझा अनुभव

टी-मोबाइल जी१ हा अँड्रॉइडवर चालणारा बाजारात आलेला पहिला फोन. तैवानच्या एचटीसी कंपनीने तो बनवला होता, अमेरिकेत टी-मोबाइल ही मोबाइल सेवा पुरवणारी कंपनी तो विकत असे आणि अमेरिकेबाहेर तो ‘एचटीसी ड्रीम’ या नावानेही विकला गेला. मी तेव्हा न्यू जर्सीत राहत होते आणि जावा भाषेत प्रोग्रॅम लिहिणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय होता. या फोनविषयी तेव्हा आणि नंतरही जे बोलले गेले, त्यातले बरेचसे पहिल्या आठवड्यातल्या पाहणीवर आधारलेले होते असे माझे मत आहे, आणि म्हणून फोनच्या आगाऊ नोंदणीपासून पुढे मला तो कसा दिसत गेला हे सविस्तर सांगावेसे वाटते.

अँड्रॉइडची घोषणा ५ नोव्हेंबर २००७ रोजी झाली, तेव्हा कोणताही फोन नव्हता. गूगलच्या पुढाकाराने एकत्र आलेल्या चौतीस कंपन्यांच्या ‘ओपन हँडसेट अलायन्स’ या संघाची ती घोषणा होती. आठवडाभराने, १२ नोव्हेंबरला, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी साधनसंच खुला झाला आणि त्यासोबत संगणकाच्या पडद्यावर चालणारा एक आभासी फोनही मिळाला. रोजच्या कामात वापरते तीच भाषा फोनसाठीही चालते, हे पाहून मी तो उतरवून घेतला आणि संध्याकाळी वेळ मिळेल तसा त्यावर हात बसवू लागले. त्यामुळे पुढचे जवळजवळ वर्षभर मी अशा फोनसाठी लिहायला शिकत होते, जो अजून कोणाच्याही हातात नव्हता. या काळात साधनसंच अनेकदा बदलला आणि आधी लिहिलेले पुन्हा लिहावे लागले, परंतु ती व्यवस्था आतून कशी उभी राहते आहे हे जवळून पाहायला मिळाले, आणि पुढे फोनबद्दल मत बनवताना मला त्याचा फार उपयोग झाला.

२३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये फोन जाहीर झाला. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे गूगलचे दोन्ही संस्थापक त्या समारंभाला चाकांचे बूट घालून आले होते, आणि ब्रिन यांनी स्वतः लिहिलेल्या एका लहानशा ॲपविषयी सांगितले : फोन हवेत उडवायचा, झेलायचा, आणि तो किती वेळ हवेत होता हे फोनने मोजायचे. माझ्या कार्यालयात या गोष्टीची थट्टा झाली. मला मात्र त्यात एक महत्त्वाची गोष्ट दिसली. फोनच्या आतल्या हालचाल मोजणाऱ्या उपकरणापर्यंत कोणत्याही प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला थेट पोहोचता येते, असे कंपनीचा संस्थापक सर्वांसमोर सांगत होता. तोपर्यंत फोनच्या बाबतीत असे स्वातंत्र्य सहसा मिळत नसे. सेवा पुरवणारी कंपनी ठरवील तेवढेच फोनवर चाले.

किंमत दोन वर्षांच्या करारासह १७९ डॉलर होती आणि कराराशिवाय ३९९ डॉलर. त्याच वर्षी जुलैत आलेला आयफोन ३जी करारासह १९९ डॉलरला मिळत होता, त्यामुळे तुलना अटळ होती. टी-मोबाइलच्या जुन्या ग्राहकांना आगाऊ नोंदणी करता येत होती आणि मी ग्राहक असल्याने ती केली. इंटरनेटसाठी महिना २५ किंवा ३५ डॉलरची योजना घ्यावी लागे. महिन्याला एक जीबीपेक्षा जास्त वापर झाला तर वेग अगदी कमी केला जाईल, अशी अट प्रथम जाहीर झाली होती, परंतु लोकांनी एवढी नाराजी व्यक्त केली की कंपनीने ती मर्यादा लगेच मागे घेतली. फोन हातात येण्याआधीच त्याच्या भावी वापरकर्त्यांनी एक अट बदलून घेतली, ही गोष्ट मला त्या वेळी आश्वासक वाटली. काळा, पांढरा आणि तपकिरी असे तीन रंग होते. मी काळा घेतला.

२२ ऑक्टोबरला अमेरिकेत विक्री सुरू झाली आणि त्याच सुमारास माझा फोन घरी आला. खोक्यात १ जीबीचे मेमरी कार्ड होते, इअरफोन होते, चार्जर होता. फोन सुरू केल्यावर पहिल्याच पडद्यावर गूगलचे खाते मागितले गेले. खाते दिल्याशिवाय पुढे जाता येत नव्हते. माझे जीमेल खाते जुने होते, त्यामुळे मला अडचण आली नाही, पण माझ्या एका मैत्रिणीने याच कारणासाठी फोन घेण्याचा विचार सोडून दिला, आणि तिचा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. फोन हा स्वतंत्र असावा, कोणत्याही एका कंपनीच्या खात्याला बांधलेला नसावा, असे ती म्हणत असे.

खाते उघडताच टपाल, दिनदर्शिका आणि संपर्क एकेक करून फोनवर उतरू लागले. तोपर्यंत माझे सर्व दूरध्वनी क्रमांक सिमकार्डावर होते, तेही रोमन लिपीत आणि नावे अर्धी कापलेली. ते सारे फोनमध्ये घेतल्यावर मी संगणकावर बसून जीमेलच्या यादीत नावे नीट केली, सातारा आणि पुण्यातल्या नातेवाइकांचे क्रमांक भारताच्या संकेतांकासह पूर्ण लिहिले, आणि थोड्याच वेळात त्या सर्व दुरुस्त्या, कोणतीही तार न जोडता, फोनवर दिसू लागल्या. आज ही गोष्ट कोणाला सांगण्याजोगी वाटणार नाही. परंतु ज्यांनी फोन बदलताना प्रत्येक क्रमांक हाताने पुन्हा टिपून घेतला आहे त्यांना त्या संध्याकाळचे महत्त्व कळेल. फोन हरवला तरी माणसांचे क्रमांक हरवणार नाहीत, हे मला त्या दिवशी प्रथमच खात्रीने वाटले.

आता यंत्राविषयी. पडदा ३.२ इंचांचा, ३२० बाय ४८० ठिपक्यांचा होता. आत क्वालकॉमचा ५२८ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १९२ एमबी रॅम. पडदा बाजूला सरकवला की खाली पाच ओळींचा खरा कळफलक उघडे. फोनचा खालचा भाग किंचित वर वळलेला होता, आणि त्या भागावर एक छोटा फिरता गोळा आणि बटणे होती. वजन १५८ ग्रॅम, जाडीही बरीच. दिसायला तो आयफोनसारखा देखणा नव्हता, आणि परीक्षणांत हे जवळजवळ सर्वांनीच लिहिले. गाणी ऐकण्यासाठी नेहमीची ३.५ मिलिमीटरची इअरफोनची जागाच नव्हती. चार्जिंगच्याच खोबणीत एचटीसीचे वेगळे इअरफोन लावावे लागत. कॅमेरा ३ मेगापिक्सेलचा होता, पण चलचित्रण मुळीच होत नव्हते. बॅटरी ११५० मिलिअँपिअर-तासांची होती, आणि थ्रीजी, वाय-फाय, जीपीएस सारे चालू ठेवले तर ती दिवसभर पुरत नाही ही तक्रार सार्वत्रिक होती. बॅटरी काढता येत असल्याने अनेकजण दुसरी सोबत बाळगत, आणि मीही पुढे तेच केले.

या सर्व टीकेत तथ्य होते. माझा मतभेद तिच्या निष्कर्षाशी होता. परीक्षणांचा एकूण सूर असा होता की सॉफ्टवेअर आश्वासक आहे, यंत्र ओबडधोबड आहे, तेव्हा सामान्य ग्राहकाने थांबावे. यात फोन ही दुकानातून निघताना पूर्ण झालेली वस्तू आहे, असे गृहीत धरलेले होते. त्या काळापर्यंत ते खरेही होते. विकत घेतलेला फोन शेवटपर्यंत जसाच्या तसा राहत असे. जी१ त्या गृहीतकात बसत नव्हता, आणि हे मला काही महिन्यांच्या वापरानंतरच पुरतेपणी उमगले.

पहिल्या दिवसापासून ज्या दोन गोष्टींनी मला जिंकले त्यांचा उल्लेख येथे केला पाहिजे. पहिली म्हणजे सूचनांचा पडदा. संदेश आला, टपाल आले, फोन चुकला की वरच्या पट्टीत एक खूण दिसे, आणि ती पट्टी बोटाने खाली ओढली की सर्व सूचना एकाखाली एक वाचता येत. तेव्हाच्या आयफोनवर संदेश आला की हातातल्या कामाच्या मधोमध एक चौकट उभी राहत असे. काम न थांबवता कळवणारी ही पद्धत मला फार सुसंस्कृत वाटली, आणि ती पुढे सर्वत्र स्वीकारली गेली यात मला नवल वाटत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे नकाशातील रस्त्यांची छायाचित्रे. फोन हातात धरून आपण ज्या दिशेला वळू त्या दिशेचे छायाचित्र पडद्यावर वळत असे. मॅनहॅटनमध्ये अनोळखी चौकात भुयारी रेल्वेतून वर आल्यावर कोणत्या बाजूला जायचे हे मी कितीतरी वेळा असेच ठरवले आहे.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला एक विलक्षण दोष उघडकीला आला. फोनवर कोठेही टंकलेली अक्षरे आतल्या मूळ प्रणालीकडेही आज्ञा म्हणून जात होती. कोणी संदेशात ‘रीबूट’ हा इंग्रजी शब्द स्वतंत्र ओळीत टंकला तर फोन खरोखरच बंद होऊन पुन्हा सुरू होई. दोष गंभीर होता, आणि त्यावर टीका झाली ती योग्यच होती. पण दुरुस्तीही लगेच आली. आरसी३० नावाची आवृत्ती टी-मोबाइलच्या जाळ्यावरून परस्पर फोनवर पोहोचली, मी होकार दिला, फोन एकदा बंद होऊन सुरू झाला आणि दोष संपला. दुकानात जावे लागले नाही, संगणकाला जोडावे लागले नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये अशाच मार्गाने १.१ ही आवृत्ती आली.

त्यानंतरची १.५ म्हणजे ‘कपकेक’ ही आवृत्ती एप्रिल २००९ च्या अखेरीस जाहीर झाली. ती सर्व फोनांवर एकाच दिवशी येत नसे, टप्प्याटप्प्याने येई, आणि माझ्यासारख्या अनेकांनी ती आली का हे दररोज तपासले. ती आल्यावर त्याच जुन्या यंत्रावर चलचित्रण सुरू झाले. कळफलक न उघडता पडद्यावरच टंकता येऊ लागले. फोन आडवा धरला की पडदा आपोआप फिरू लागला; त्याआधी तो कळफलक उघडल्यावरच फिरत असे. बिनतारी हेडफोनवर स्टिरिओ गाणी ऐकता येऊ लागली, त्यामुळे इअरफोनच्या खोबणीचा प्रश्नही माझ्यापुरता सुटला. मुख्य पडद्यावर इतर ॲपांच्या लहान चौकटी ठेवता येऊ लागल्या. ऑक्टोबरमधल्या परीक्षणांत उणिवा म्हणून मांडलेल्या गोष्टींपैकी कितीतरी गोष्टी अशा रीतीने, एकही पैसा न देता, भरून निघाल्या. त्याच एप्रिलमध्ये टी-मोबाइलने अमेरिकेत दहा लाख जी१ विकल्याचे जाहीर केले. माझ्या कार्यालयात आयफोन वापरणारे बहुसंख्य होते, परंतु या आवृत्तीनंतर माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने फोन मागून घेऊन बराच वेळ पाहिला, आणि थट्टा थांबली.

वर्षाच्या शेवटी याहून मोठी गोष्ट घडली. नोव्हेंबर २००९ मध्ये मोटोरोलाचा ड्रॉइड हा फोन व्हेरायझन या दुसऱ्या अमेरिकी मोबाइल सेवा कंपनीने मोठ्या जाहिरातबाजीसह आणला, आणि त्यासोबत गूगलची वळणावळणाला आवाजी सूचना देणारी मार्गदर्शन सेवा आली. महिना संपण्याच्या आतच ती १.६ आवृत्ती असलेल्या जुन्या फोनांसाठीही उपलब्ध झाली. गाडीत लावण्याचे वेगळे जीपीएस यंत्र घ्यावे असे आमच्या घरात चालले होते. तो खर्च वाचला.

ॲप लिहिण्याचा अनुभव मला या सर्वांहून अधिक समाधान देणारा होता. अँड्रॉइड मार्केट हे ॲप मिळण्याचे दुकान फोनबरोबरच सुरू झाले, तेव्हा त्यात पन्नासच्या आसपास ॲप होती. नंतरच्या आठवड्यात इतरांसाठीही ते खुले झाले. एकदाच २५ डॉलर भरून नोंदणी करायची, आणि मग आपले ॲप चढवायचे. मंजुरीसाठी थांबायचे नाही. ॲपलच्या दुकानात प्रत्येक ॲप आधी तपासले जात असे. मोकळेपणामुळे मार्केटमध्ये निकृष्ट गोष्टीही आल्या हे खरे, परंतु माझ्यासारख्या एकट्याने, रात्री घरी बसून लिहिणाऱ्या माणसासाठी तो मोकळेपणा फार मोलाचा होता. मला परदेशातल्या मराठी घरांना उपयोगी पडेल असे साधे ॲप करायचे होते : चालू वर्षातल्या चतुर्थ्या, एकादश्या, सणवार, आणि आपण आहोत तिथल्या वेळेनुसार त्यांची आठवण.

आणि येथेच खरी अडचण उभी राहिली. फोनवर देवनागरी नव्हती. अँड्रॉइडसोबत आलेल्या ‘ड्रॉइड’ याच नावाच्या अक्षरसंचात (फॉन्टमध्ये) लॅटिन, ग्रीक, सिरिलिक अक्षरे होती, आणि पूर्व आशियाई लिप्यांसाठी एक पूरक अक्षरसंच होता. ‘संकष्टी’ असे लिहिले की पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग उमटे. मराठी संकेतस्थळे उघडली की पानभर चौकोन, आईने पाठवलेले मराठी टपाल उघडले की चौकोन.

मी प्रथम नावे रोमन लिपीत लिहिली, पण एकादश्यांची नावे तशी वाचणे मला सहन झाले नाही. मग संगणकावर प्रत्येक नाव देवनागरीत लिहून त्याचे चित्र केले आणि ती सर्व चित्रे ॲपमध्ये बसवली. चोवीस एकादश्या, महिन्यांची नावे, वार, सण : हे काम किचकट होते, परंतु नावे शुद्ध दिसत होती. नंतर दुसरा मार्ग सापडला. ॲपला स्वतःचा अक्षरसंच सोबत नेता येत असे, आणि युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीच्या, आधीच्या काळातल्या मराठी अक्षरसंचांत अर्धी अक्षरे, वेलांट्या, रफार हे सारे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असते, त्यामुळे अक्षरे एकमेकांत मिसळण्याची जुळणी फोनला करावी लागतच नाही. छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत वर्षानुवर्षे चालत आलेली ही पद्धत पहिल्या अँड्रॉइड फोनवर बिनबोभाट चालली. मात्र ती माझ्या ॲपपुरतीच. टपाल, संदेश आणि इंटरनेट यांचे चौकोन तसेच राहिले.

त्यासाठी फोनच्या मूळ प्रणालीत शिरणे आवश्यक होते, आणि ती वाट त्या ‘रीबूट’च्या दोषातूनच गेली होती. अनेक हौशी तंत्रज्ञांनी मिळून ही पद्धत बसवली होती. जुनी, सदोष आरसी२९ आवृत्ती मेमरी कार्डावर घ्यायची, कॅमेऱ्याचे आणि बंद-चालूचे बटण एकत्र दाबून फोन सुरू करायचा, ती आवृत्ती चढवायची. मग त्याच दोषाचा उपयोग करून कळफलकावरून प्रणालीचा पूर्ण ताबा मिळवायचा, आणि तेथून पुढे आपल्याला हवी ती नवी आवृत्ती बसवायची. फोनवरचे सर्व काही पुसले जाते, म्हणून मी आधी सारे जपून ठेवले. काम करताना बॅटरी पूर्ण भरलेली असणे अत्यावश्यक होते, कारण मध्येच फोन बंद पडला तर तो कायमचा निकामी होण्याचा धोका होता. कुठलीही घाई न करता, प्रत्येक पायरी दोनदा वाचून मी ते केले आणि स्टीव्ह कॉन्डिक या प्रोग्रॅमरने सुरू केलेली सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडची अनधिकृत आवृत्ती बसवली. अँड्रॉइडची मूळ संहिता (सोर्स कोड) खुली होती म्हणूनच असे काम बाहेरच्या माणसांना करता आले, आणि त्या सर्वांविषयी मला मनापासून कृतज्ञता वाटते.

त्यानंतर पूरक अक्षरसंचाच्या जागी देवनागरी अक्षरे असलेला संच ठेवला आणि फोन पुन्हा सुरू केला. चौकोन गेले. अक्षरे आली, परंतु लेखन आले नाही. अक्षरांची जुळणी करणारी यंत्रणाच प्रणालीत नव्हती, म्हणून युनिकोडमध्ये ज्या क्रमाने चिन्हे साठवलेली असतात त्याच क्रमाने ती पडद्यावर उमटत. ‘किती’ या शब्दातली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी येण्याऐवजी नंतर उभी राहत असे. ‘ज्ञानेश्वर’ लिहिले तर ‘ज’चा पाय मोडलेला, त्यापुढे सुटा ‘ञ’, आणि पुढे तसाच पाय मोडलेला ‘श’. रफार अक्षराच्या डोक्यावर चढत नसे. त्याआधी सुटा, पाय मोडलेला ‘र’ दिसे. काही दिवस मी असेच वाचले, आणि सवयीने अर्थ लागूही लागला, पण माझी लिपी अशी मोडलेली पाहणे क्लेशकारक होते. देवनागरीसाठी केवळ अक्षरांची चित्रे पुरत नाहीत, त्यांना एकमेकांत मिसळण्याचे नियमही प्रणालीला शिकवावे लागतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते डोळ्यांना दिसले ते या फोनवर.

२०१० च्या वसंतात ऑपेरा मिनी या ब्राउझरची नवी आवृत्ती अँड्रॉइडसाठी आली आणि वाचनाचा प्रश्न बराचसा सुटला. पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ हा संकेत रोमन अक्षरांत टंकला की एक गुप्त पान उघडे; त्यात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे वापरण्याचा पर्याय होता. तो चालू केला की कंपनीचे संगणकच शब्दांची चित्रे करून पाठवीत. पान उशिरा उघडे, पण ‘ज्ञानेश्वर’ पूर्ण दिसे. ही युक्ती त्या काळात भारतात अँड्रॉइड वापरणाऱ्या असंख्य लोकांनी एकमेकांना सांगितली, आणि मीही ती भेटेल त्या मराठी माणसाला सांगत असे.

भारतात अँड्रॉइड आला तो २००९ मध्ये, एअरटेलने आणलेल्या एचटीसी मॅजिकच्या रूपाने. मी सुट्टीत पुण्याला गेले तेव्हा टी-मोबाइलकडून रीतसर संकेतांक घेऊन फोन सर्व सिमकार्डांसाठी मोकळा करून नेला होता. भारतीय सिमकार्ड घातल्यावर इंटरनेटसाठी त्या कंपनीच्या जोडणीची माहिती हाताने भरावी लागली, मग थ्रीजीच्या आधीच्या ‘एज’ या जोडणीच्या मंद वेगावर टपाल येऊ लागले. माझ्या चुलत भावाला आणि त्याच्या मित्रांना फोन पाहण्याची मोठी उत्सुकता होती. त्यांनी नकाशा पाहिला, कळफलक सरकवून पाहिला, आणि पहिला प्रश्न विचारला तो ब्लूटूथवरून गाणी पाठवता येतात का असा. येत नव्हती, फाइल पाठवण्याची ती सोय अँड्रॉइडच्या त्या आवृत्त्यांत नव्हती. दुसरा प्रश्न एफएम रेडिओचा. तोही नव्हता. गाणी, चित्रे, चलचित्रे सारी ब्लूटूथवरून हातोहात फिरत असलेल्या त्या दिवसांत, नोकियाच्या निम्म्याहून कमी किमतीच्या फोनमध्ये जे होते ते यात नाही, हे ऐकून त्यांचा उत्साह मावळला. त्यांचे मोजमाप त्यांच्या जगण्यातून आलेले होते. अमेरिकेतल्या परीक्षणांनी त्यांच्या या दोन प्रश्नांना फारसे महत्त्व दिले नव्हते, कारण तेथे ते प्रश्न कोणाला पडतच नव्हते.

बाबांनी मात्र सर्वांत नेमका आक्षेप घेतला. ते साताऱ्याला असतात. त्यांच्याकडे नोकियाचा साधा फोन होता, ज्यावर देवनागरी अक्षरे दिसत आणि देवनागरीत संदेशही लिहिता येत. मी माझ्या फोनवर त्यांना एक मराठी पान दाखवले. तेव्हा ऑपेराची सोय आलेली नव्हती, त्यामुळे वेलांट्या विस्कटलेल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी दोन ओळी वाचण्याचा प्रयत्न केला आणि म्हणाले, “अगं, माझ्या साध्या फोनात मराठी नीट दिसतं. एवढ्या महागाच्या फोनात का दिसू नये?” मी त्यांना जुळणीची यंत्रणा, युनिकोड, खुली संहिता हे सारे समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “संहिता खुली आहे म्हणतेस, तर मग हे कोणी करत का नाही?”

काम चालू होते, पण ते पूर्ण होऊन लोकांच्या फोनवर पोहोचायला वेळ लागला. जी१ ला मात्र तेवढे आयुष्य नव्हते. त्याची आतली साठवण २५६ एमबी होती आणि पुढच्या आवृत्त्या तिच्यात मावत नव्हत्या, १.६ ही त्याला मिळालेली शेवटची अधिकृत आवृत्ती. सायनोजेनमॉडमुळे तो २.२ पर्यंत चालला, ॲप मेमरी कार्डावर हलवून जागा करावी लागे, आणि आलेला फोन उचलण्याआधी पडदा जागा होण्याची वाट पाहावी लागे. २०१० च्या जुलैमध्ये टी-मोबाइलने त्याची विक्री थांबवली. मी त्यानंतरही काही काळ तो वापरला, मुख्यतः त्याच्या कळफलकासाठी, कारण लांब टपाल लिहायला इतका सोयीचा कळफलक मला नंतर मिळाला नाही.

काही उत्पादकांनी आपापल्या फोनांवर देवनागरी आधीच बसवली होती, परंतु सर्वांसाठीच्या मूळ अँड्रॉइडमध्ये ती २०११ च्या अखेरीस, ४.० या आवृत्तीत आली. अक्षरेही आली आणि जुळणीही. ती आवृत्ती असलेला फोन घेतल्यावर मी पहिले काम हाती घेतले ते माझ्या ॲपचे. सर्व चित्रे काढून तेथे साधा युनिकोड मजकूर ठेवला. ॲपचा आकार एकदम कमी झाला, आणि नावे शोधताही येऊ लागली. मात्र २०१२ मध्येही बहुतेकांच्या हातात २.३ आवृत्तीचेच फोन होते, आणि त्यांवर पुन्हा चौकोन दिसले असते. म्हणून ॲप सुरू होताच आधी फोनची आवृत्ती तपासायची, ४.० किंवा पुढची असेल तर मजकूर दाखवायचा आणि जुनी असेल तर चित्रे, अशी दुहेरी व्यवस्था मी केली आणि जुन्या फोनांवरचे वापरकर्ते उरले नाहीत तोपर्यंत ती चालू ठेवली.